दुखापतीचा रकाना

छगन रतिलाल पाटील यांच्या तक्त्यात पाच रकाने होते : नाव, वजन, रात्रीची झोप, आठवड्याभरात धावलेले अंतर आणि दुखापत. दर सोमवारी पहाटे, लोणखेड्याच्या मैदानावर धावायला सुरुवात होण्यापूर्वी, प्रत्येक मुलामुलीने आपली ओळ स्वतःच्या हाताने भरायची असा दंडक होता. दुसऱ्याने भरलेली ओळ छगनराव लाल शाईने खोडत आणि त्या मुलाला रांगेच्या शेवटी पाठवत. त्या वर्षी मैदानावर बेचाळीस जण होते. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी, कोणी वनरक्षकाच्या जागेसाठी, तर एकदोघे अग्निशमन दलासाठी घाम गाळत होते. पहिले चार रकाने यथातथ्य भरले जात. पाचव्यात बेचाळीस वेळा एकच शब्द उमटे : नाही.

चौदा महिने हे असे चालले होते. मैदान पाहायला कोणी आले की छगनराव तक्त्यांची जाडजूड चळत काढून दाखवीत. "चौदा महिन्यांत एकही दुखापत नाही," असे ते म्हणत, आणि त्यांच्या आवाजात जो अभिमान असे तो त्यांनी आपल्या पदकांविषयी बोलतानाही कधी दाखवला नव्हता.

हा अभिमान समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. छगनराव मूळचे कोरीटचे. घरी केळीची बाग, कापसाचे रान आणि पाठीवर ललित हा एकच भाऊ. एकोणिसाव्या वर्षी छगन सैन्यात भरती होऊन आला, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "पयाना पगार देतस का रे तठे?" पळण्याचा पगार मिळतो, यावर रतिलाल पाटलांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पण मुलाला खरोखर तोच पगार मिळाला. छगन हवालदार झाला, व्यायामाचे शिक्षण घेऊन रंगरुटांचा उस्ताद झाला, आणि चोवीस वर्षे त्याने दुसऱ्यांना पळवले.

त्या चोवीस वर्षांतली एक सकाळ त्यांना विसरता आली नव्हती. भरत नावाचा रंगरूट पाचव्या किलोमीटरला मंदावला आणि म्हणाला, "उस्ताद, पाँव में कुछ है." उस्तादांनी उत्तर दिले, "कुछ नहीं है. पूरा कर." पुढच्या वळणावर वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. नडगीचे हाड मोडले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की हाडाला आधीच चीर गेली असावी आणि ते निदान तीन आठवडे दुखत असावे. मग भरत बोलला का नाही? कारण दुखते म्हणून सांगणे म्हणजे 'सिक रिपोर्ट', आणि सिक रिपोर्टला जाणारा म्हणजे कामचुकार, हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले होते. शिकवणाऱ्यांत छगन पाटीलही होते. भरत घरी गेला, तो परत आला नाही.

त्या दिवसापासून त्यांचे वाचन बदलले. अंतर एका आठवड्यात दहाव्या हिश्शाहून अधिक वाढवू नये, डांबरापेक्षा माती बरी, झिजलेला बूट हा छुपा शत्रू, झोपेवाचून हाड भरून येत नाही, ही सूत्रे त्यांनी वहीत क्रमवार उतरवली. निवृत्तीनंतर पत्नी मोहिनीबाईंच्या शाळेमुळे लोणखेड्याला बिऱ्हाड केले, आणि महाविद्यालयामागचे मैदान सकाळपुरते मागून घेतले. मुलांनी भरतसारखे गप्प राहू नये म्हणून पाचवा रकाना त्यांनी मुद्दाम घातला. शब्दही तोलूनमापून निवडला. 'दुखणे' लिहिले तर मुले ताप-खोकला लिहितील. 'इजा' शब्द फार त्रोटक वाटला. 'दुखापत' शुद्ध होता, शासकीय होता आणि नेमका होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मुले पाणी प्यायला प्रेक्षकांच्या ओट्यावरून उतरत होती. चारच पायऱ्या. छगनराव खाली उभे राहून घड्याळाची चावी देत होते. त्यांच्या लक्षात आले, की सुनिता चारही पायऱ्या उजवाच पाय पुढे टाकून उतरली. डावा मागून आणून शेजारी ठेवायचा, मग पुन्हा उजवा. लहान मूल जिना उतरते तसे.

सुनिता अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. पदवी घेतलेली, बावीस वर्षांची, बोलण्यात मोजकी. मागच्या भरतीत तिची मैदानी चाचणी थोडक्यात हुकली होती. तिचे वडील रेवजी दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जात. त्यांनी मुलीला स्पष्ट सांगितले होते, की हे एक वर्ष तुझे. यादीत नाव आले तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर हातात कोयता घ्यायचा. मैदानी चाचणीला बरोबर आठ आठवडे उरले होते. आठशे मीटर धावायला तिला आता दोन मिनिटे बावन्न सेकंद लागत, आणि मुलींत तिच्यापुढे कोणी नव्हते.

"डाव्या पायाला काय झालंय?" छगनरावांनी विचारले.

"काही नाही, सर."

"बस इथे. बूट काढ."

तिने बूट काढला. छगनरावांच्या अनुभवात एक साधी कसोटी होती, आणि ती त्यांनी शेकडो पायांवर वापरली होती. दुखणारी जागा दाखवायला सांगायचे. माणसाने तळहात फिरवून वीतभर जागा दाखवली, तर बहुधा स्नायू ओढला आहे. चार दिवसांत बरे वाटेल. एका बोटाने एकच ठिकाण दाखवले, तर हाडाची शंका घ्यायची.

"कुठे दुखतं ते दाखव."

सुनिताने नडगीच्या मध्यावर तर्जनी ठेवली. एकच बोट, एकच ठिकाण. त्यांनी अंगठ्याने तिथे हलकेच दाबले, तशी तिची मान मागे गेली. 

"कधीपासून?"

तिच्याऐवजी दामिनी बोलली. दामिनी तापीकाठच्या गुजर घरातली, जिभेला हाड नसलेली, आणि सुनिताची खोलीतली सोबतीण. "सर, दोन हप्ता व्हई गयात. रातले तिन्हा पाय ठनकस. मी तिले सांगं, सरले सांग. तुम्ही रागे भरशात म्हनीसन ती बोलत नही."

"मी रागावतो?"

"आते काय करी ऱ्हायनात मंग?" दामिनी म्हणाली, आणि मागच्या रांगेत हसू फुटले.

शहाद्याच्या डॉक्टर योगेंद्र यांनी पाय तपासला, क्ष-किरणांनी चित्र काढले आणि ते उजेडासमोर धरले. हाडाला केसाएवढी चीर होती. मोडले नव्हते, मोडण्याच्या वाटेवर होते. "सहा आठवडे धावणं बंद," ते म्हणाले. कारण शोधायलाही फार वेळ लागला नाही. जुलैच्या सुरुवातीला सुनिता भाताच्या लावणीसाठी तीन आठवडे घरी गेली होती. परतल्यावर बुडालेले अंतर भरून काढण्यासाठी ती मैदान आटोपल्यावर संध्याकाळी डांबरी रस्त्यावर आणखी चार किलोमीटर धावत होती. तक्त्यात तिने फक्त मैदानावरचे अंतर लिहिले होते. कारण रकान्यात काय लिहायचे ते सांगताना छगनराव 'मैदानावर धावलेले अंतर' असेच म्हणाले होते. मुलगी शब्दाला पक्की होती.

पालकांना कळवणे हे कर्तव्य होते. पाड्यावर फोन लागे तो एकाच घरी, गावचे कारभारी जान्या यांच्याकडे. छगनरावांनी संदेश लिहिला, दोनदा वाचला, विरामचिन्हे तपासली आणि पाठवला : 'आपली कन्या सुनिता हिच्या डाव्या पायास गंभीर दुखापत झाली आहे. कृपया तात्काळ यावे. छ. र. पाटील.'

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या दारात एक जीप उभी राहिली. तिच्यातून रेवजी उतरले, जान्या उतरले, आणि त्यांच्यामागून आणखी पाच जण उतरले. कोणी हसले नाही, कोणी चपला काढल्या नाहीत.

"कोणी मारलं?" रेवजींनी विचारले.

छगनरावांना प्रश्न कळला नाही. "कोणाला मारलं?"

"माझ्या पोरीला."

"रेवजीभाऊ, तिला कोणीही मारलेलं नाही. दुखापत झाली आहे."

"तेच विचारतो ना आम्ही," जान्या पुढे झाले. वयाने सत्तरीचे, डोक्याला पांढरा रुमाल. "दुखापत आपोआप होते का साहेब? कोणीतरी करतो तवा होते. मला नका शिकवू. तीन वर्षं शहाद्याला तारखा केल्या मी ह्या शब्दापायी. 'काठीने मारून गंभीर दुखापत केली.' पाठ आहे मला. आणि मी तर काठी उचललीच नव्हती."

"थोडी उचलली होती," मागून एक जण म्हणाला.

"थोडी उचलली होती," जान्यांनी मान्य केले. "पण गंभीर नव्हती."

मोहिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकवार नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, एकवार त्या सात जणांकडे, आणि म्हणाल्या, "अहो, त्यांना आधी बसायला सांगा. आणि कोणीतरी सुनिताला बोलवा, म्हणजे ते पाहतील तरी." मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.

शेजारच्याच गल्लीतल्या खोलीतून सुनिता आली, दामिनीच्या खांद्याचा आधार घेऊन. वडिलांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मग आपल्या बोलीत दोन प्रश्न विचारले. तिने दोन्हींना मान हलवून नाही म्हटले. रेवजी खाली बसले. त्यांच्यामागचे पाचही जण बसले. आता चपला निघाल्या.

छगनराव मात्र उभेच होते. जान्यांचे वाक्य त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले होते. ते आत गेले, तक्त्यांची चळत घेऊन बाहेर आले आणि सुनितासमोर ठेवून म्हणाले, "दोन आठवडे पाय दुखत होता. तरी सोमवारी तू इथे 'नाही' लिहिलंस. दोन्ही वेळा."

"हो, सर."

"का?"

सुनिताला प्रश्नाचेच नवल वाटलेले दिसले. "मला कोणी मारलं नव्हतं, सर," ती म्हणाली. "मग खोटं कसं लिहू?"

मग दामिनीला हसू आवरेना. "सर, मी बी 'नही' लिखस," ती म्हणाली. "मन्ही पोटरी आठ दिनफाईन ओढाई ऱ्हायनी. पन दुखापत म्हनजे रगत निंघाले पाहिजे, पट्टी बांधाले पाहिजे. मन्हं रगत कोठे निंघनं?"

छगनराव खुर्चीवर टेकले. जो रकाना मुलांनी बोलावे म्हणून घातला, त्या रकान्यानेच त्यांना गप्प केले होते. डोंगरातल्या मुलांना तो शब्द फौजदारी कागदावरचा वाटला, सपाटीवरच्यांना तो रक्ताचा आणि प्लॅस्टरचा वाटला. बेचाळीस जणांनी चौदा महिने खरेच लिहिले होते, आणि त्या खऱ्या उत्तरांच्या गठ्ठ्यावर ते अभिमानाने हात ठेवून बसले होते. भरत निदान एकदा तरी बोलला होता. या मुलांना कळेल असे कोणी विचारलेच नव्हते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. हे वाक्य ते फारसे वापरत नसत. म्हणून ते जरा मोठ्याने बाहेर पडले.

"शब्दाचीच आहे ती चूक," जान्या चहाची बशी ओठांशी नेत म्हणाले. "माझ्या वेळी बी शब्दाचीच होती."

रेवजींना शब्दाशी कर्तव्य नव्हते. "हाड तुटलं का?"

"तुटलेलं नाही. तुटण्याच्या आधीची चीर आहे. सहा आठवडे पळायचं नाही, एवढंच."

"आणि भरती?"

"आठ आठवड्यांनी."

रेवजींनी बोटांच्या पेरांवर आठवडे मोजले. मुलीला घेऊन जायचे, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येताना सगळ्यांना दिसला. सुनिता जमिनीकडे पाहत होती. मग रेवजी सावकाश बोलले. "आमच्या बैलाचा पाय असा झाला, तर आम्ही नांगराला धरत नाही त्याला. पण चारा बंद करत नाही. नुसता बांधून ठेवला तर बैल पायाने बरा होतो, अंगाने जातो." त्यांनी छगनरावांकडे पाहिले. "तुमच्याकडे चारा आहे का, सर?"

"आहे," छगनराव म्हणाले.

"मग ठेवतो. दिवाळीनंतर टोळी निघते. यादीत नाव आलं तर ती तुमची. नाही आलं तर मुकादमाला तिचं नाव दिलेलंच आहे."

त्या रात्री जेवताना मोहिनीबाई म्हणाल्या, "शुद्ध लिहिण्याचा नाद कधीतरी सात माणसं दारात आणणार, हे मला ठाऊक होतं." छगनराव हात धुऊन आधीच उठले होते. नवा तक्ता आखण्यासाठी ते पट्टी शोधत होते.

सोमवारी मुलांच्या हाती नवा कागद आला. पाचव्या रकान्याला आता मथळाच नव्हता. तिथे माणसाच्या आकृतीची दोन साधी रेखाटने होती, एक पुढून, एक मागून. आणि खाली एक ओळ : 'जिथे ठणकते, ओढते, बोचते किंवा चालताना आठवण करून देते, तिथे खूण करा. वीतभर असेल तर रेघ, बोटभर असेल तर ठिपका. तुमच्या घरी त्याला जे म्हणतात, ते शेजारी लिहा.' कागद वाटून झाल्यावर छगनराव भरतविषयी बोलले. आजवर त्यांनी ही गोष्ट मैदानावर कधी सांगितली नव्हती. चार वाक्यांत सांगितली, 'पूरा कर' हे आपलेच शब्द होते हेही सांगितले, आणि मग शिट्टी फुंकली.

बेचाळीसपैकी तेवीस कागदांवर खुणा होत्या. छगनरावांनी ते पुन्हा मोजले. एका रात्रीत मैदानाचा दवाखाना झाला की काय! मग त्यांनी शांतपणे वाचायला सुरुवात केली. एकोणीस जणांच्या रेघा होत्या, म्हणजे वीतभर दुखणी. कोणी 'ओढाई ऱ्हायनं' लिहिले होते, कोणी 'कळ मारते', कोणी भिली शब्द देवनागरीत जमेल तसा उतरवला होता. गोकुळ नावाच्या, सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलाने आकृतीच्या छातीवर खूण करून लिहिले होते, 'इथे दुखते, पण ते पळण्यामुळे नाही.' छगनरावांनी त्याला लाल शाईने शेरा दिला : 'हा रकाना त्यासाठी नाही.' चौघांचे मात्र ठिपके होते. एक सुनिताचा. उरलेल्या तिघांना त्यांनी त्याच दिवशी दवाखान्यात नेले. दोघांना फक्त विश्रांती लागली, आणि एकीच्या टाचेच्या हाडावर सूज निघाली, ती वेळेवर निघाली.

सुनिताचा चारा सुरू झाला. रोज मैदानावर यायचे, पण पाऊल पळवायचे नाही. मोहिनीबाईंची सायकल स्टँडवर चढवून मागचे चाक अधांतरी ठेवले, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुनिता त्या सायकलीवर बसून घामाघूम होऊ लागली. इतर मुले मैदानाला फेऱ्या मारत. ती एकाच जागी. दामिनी प्रत्येक फेरीला जवळून जाताना टोमणा मारी.

"काय व बहीन, अक्कलकुव्याले पोचनी का नही आजून?"

"त्याच्या पुढचं मोलगीसुद्धा मागे पडलं," सुनिता पायडल मारता मारता म्हणे. "तू अजून इथेच गोल फिरतेस."

उरलेला वेळ गोळ्याचा. आजवर गोळाफेक ही तिची लंगडी बाजू होती. साडेचार मीटरच्या पलीकडे गोळा जात नसे, आणि धावण्याच्या गुणांवर भागते म्हणून तिने कधी मनावर घेतले नव्हते. आता छगनरावांनी तिला आधी स्टुलावर बसून फेकायला लावले, मग उभे राहून. कंबर, खांदा, कोपर, मनगट, या क्रमाने जोर चढला पाहिजे. क्रम चुकला की गोळा पायाशी. क्रम हा छगनरावांच्या आवडीचा विषय होता. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले होते, की मुलगी कमी खाते. म्हणून मोहिनीबाई रोज सकाळी दोन उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याचा लाडू डब्यात भरून धाडत, आणि डबा रिकामा आला की नाही ते स्वतः पाहत.

चौथा आठवडा संपताना सुनिता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, आता दाबलं तरी दुखत नाही. धावू?"

"सहा आठवडे सांगितलेत."

"दोन पायऱ्या उड्या मारत उतरले. काही झालं नाही."

"सहा म्हणजे सहा."

ती जागची हलली नाही. तिने आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द सुटा उच्चारला. "सर, त्या भरतच्या पायासाठी तुम्ही माझा पाय धरून ठेवलाय."

मैदानावर असे बोलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. छगनरावांनी घड्याळ पाहिले, घडी करून ठेवलेल्या रुमालाची उगाच पुन्हा घडी केली. रागाने बोलणे सोपे होते. परंतु तिने म्हटले त्यात खोटे किती आणि खरे किती, याचा हिशेब केल्यावर अर्धे खरे निघाले. पूर्वी भीती न बाळगता त्यांनी एक हाड मोडले होते. आता नुसत्या भीतीवर दुसरे हाड वठू देणे हाही अन्यायच होता.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. "ते सांगतील ते तू ऐकायचं, आणि मीही ऐकेन."

डॉक्टर योगेंद्र यांनी तिला एका पायावर दहा उड्या मारायला लावल्या, पुन्हा चित्र काढले, आणि पाच आठवडे पूर्ण झाल्यावर मातीवर हळूहळू सुरुवात करायला मोकळीक दिली. पहिल्या दिवशी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे सहा वेळा. दुसऱ्या दिवशी विश्रांती. मिनिटामिनिटाने अंतर वाढले. रस्त्याचे डांबर तिने पुन्हा पायाखाली घेतले नाही. चाचणीच्या चार दिवस आधी तिने आठशे मीटर पुरे केले, ते तीन मिनिटे दहा सेकंदांत. जुन्या वेळेपेक्षा अठरा सेकंद अधिक. त्या दिवशी डब्यात एक अंडे परत आले.

चाचणीच्या दिवशी नंदुरबारच्या मैदानाबाहेर छगनराव आणि रेवजी एका लिंबाखाली उभे होते. आत फक्त उमेदवारांना प्रवेश होता. कुंपणाच्या पत्र्यांमधून शिट्टी ऐकू येई, पावले ऐकू येत, दिसत काही नसे. छगनराव पावलांच्या आवाजावरून काही ओळखू पाहत होते. पण वीस मुलींच्या चाळीस पावलांतून दोन वेगळी काढणे चोवीस वर्षांच्या उस्तादालाही साधले नाही.

"तुम्ही बसा, सर," रेवजी म्हणाले. "बैल बाजारात नेल्यावर मालकाने हिंडून काही होत नाही."

दुपारी सुनिता बाहेर आली. पायात बूट होते आणि चाल सरळ होती. छगनरावांनी आधी ते पाहिले. मग विचारले, "वेळ?"

"तीन मिनिटं चार."

"गोळा?"

"सहा मीटर वीस." एवढे सांगताना मात्र तिचे दात दिसले. "मॅडमनी दुसऱ्यांदा मोजलं."

ती वडिलांच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन घटाघट प्यायली. "शेवटच्या वळणावर पुढे दोघी होत्या," ती म्हणाली. "मला जाता आलं असतं. पण पायाने अजून तेवढं केलेलं नव्हतं. जेवढं आपण केलं होतं, तेवढंच केलं."

रंगरूट, उमेदवार, शिपाई मिळून काही हजार माणसे छगनरावांनी पळवली होती. आपली मर्यादा अशी मोजून, वेळेवर आणि लाज न बाळगता सांगणारे त्यांतले फारच थोडे. "शूलेस नीट बांध," ते म्हणाले. "सुटतेय."

लेखी परीक्षेसाठी पात्र ठरलेल्यांची यादी आठ दिवसांनी लागली. दामिनीने मोबाइलवर ती उघडली आणि वाचण्याआधीच सुनिताच्या पाठीत धपाटा घातला, यावरून कळायचे ते कळले. दामिनीचेही नाव होते. सुनिताच्या खाली तीन ओळी. "गोयाना गुन ना तुले," ती कुरकुरली. "सायकलवर बठीसन गोया कशा काय गया तुन्हा तितला दूर?"

पुढचे काही ठरलेले नव्हते. लेखी परीक्षा व्हायची होती, निवड व्हायची होती, आणि निवड झाली तर प्रशिक्षण केंद्रातली धावपळ वेगळीच होती. छगनरावांनी त्याच संध्याकाळी लेखी परीक्षेपर्यंतच्या आठवड्यांचा तक्ता आखला. सकाळी चाळीस मिनिटे हलका व्यायाम, उरलेला दिवस अभ्यास, साडेनऊला झोप. झोपेच्या रकान्याखाली त्यांनी दुहेरी रेघ मारली.

टोळी निघायला चार दिवस असताना रेवजी लोणखेड्याला आले. सुनिताचे धान्य, दोन चादरी आणि घरची लसणाची चटणी त्यांनी ओसरीवर ठेवली. मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन, जिथे फोन नीट लागे तिथे उभे राहून, त्यांनी मुकादमाला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत असावा. रेवजी 'हां, हां' म्हणत राहिले.

"नाही, आजारी नाही," शेवटी ते म्हणाले. "ती इथं राहते आता. यंदा तिचं नाव काढून टाक."